मुक्कामी गाडीनंतरची पंगत

"...आणि दिवस मावळल्यावर खाल्लेलं अन्न नीट पचत नाही, अंगावर बसतं, हे तुम्हांला पटतं की नाही, बाबा? तेवढंच सांगा."

"पटतं," भिकनगीर बाबा म्हणाले.

विश्रामची पंचाईत झाली. तो पूर्ण तयारीनं आला होता. हातात वही होती, वहीत आकडे होते आणि बाबा नाही म्हणाले तर काय बोलायचं, हे त्यानं आंघोळ करता करता दोनदा घोकलं होतं. होकाराची तयारी मात्र त्यानं केलीच नव्हती.

"पटतं म्हणजे... पूर्ण पटतं?"

बाबांनी धोतर जरा वर घेतलं आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"आडवा झालो की जेवलेलं घशाशी येतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं येतंय. मला का नाही पटणार?"

सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथं डांबरी रस्ता संपतो, तिथं बाबांचा मठ. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी, धान्याची कोठी आणि मागं गोठा. तालुक्याहून सुटणारी शेवटची बस तिथवर येते आणि रात्रभर तिथंच उभी राहते. तिला सगळे मुक्कामी गाडी म्हणतात. वर डोंगरात पाडे आहेत. गाडीतून उतरलेल्या पाड्यांवरच्या माणसांना अंधारात तो चढ चढता येत नाही. ती मठात जेवतात, ओसरीवर अंग टाकतात आणि उजाडलं की वाटेला लागतात.

म्हणून मठातली संध्याकाळची पंगत गाडी आल्यावरच बसायची. गाडी सातला आली तर साडेसातला, नऊला आली तर साडेनऊला. तोवर बाबाही उपाशी.

विश्राम पूर्वी जळगावात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचा. त्याचे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. कधी रात्री अकराला जेवायचे, कधी एकला. त्यांची साखर चढत गेली, आणि ती चढलेली साखर विश्रामनं स्वतःच्या हातानं तपासून कागदावर लिहिली. आधी पायाचं बोट गेलं. मग पाय गेला. मग वडील.

त्यानंतर तो मठात आला. बाबांनी काही न विचारता ठेवून घेतलं.

आता बाबांची साखर वाढली होती. वजन सत्त्याऐंशी किलो झालं होतं, पायांवर सूज होती. विश्रामला तेच सगळं पुन्हा बघायचं नव्हतं. बाबा त्याला हवे होते, पुष्कळ वर्षं हवे होते.

"मग उद्यापासून पंगत दिवस असतानाच बसवू या?"

"बसव."

"गाडीनं येणाऱ्यांचं झाकून ठेवू. आले की वाढता येईल."

बाबांनी रस्त्याच्या टोकाकडे, गाडी उभी राहते तिकडे पाहिलं.

"आणि तुम्हीही नियम पाळायचा, बाबा. मला शब्द द्या."

बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला तो वहीत बघत होता.

"दिला," बाबा म्हणाले.

विश्रामला इतकं बरं वाटलं की त्यानं तिथल्या तिथं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि मावळतीकडे तोंड करून संकल्प सोडला. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. जन्मभर.

"जन्मभर?" बाबांनी विचारलं.

"जन्मभर."

"बरं..."

*

मठात आसऱ्याला राहिलेले चार म्हातारे होते. विश्रामनं त्यांच्याही हातावर पाणी दिलं. म्हाताऱ्यांनी ते मुकाट सोडलं. जेवण वेळेवर मिळतंय म्हटल्यावर त्यांची काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून पंगत साडेपाचला बसू लागली. स्वयंपाक सुपडू आबा करायचे. ते खालच्या गावातले. पूर्वी त्यांना रात्री उशिरापर्यंत थांबावं लागायचं. आता पंगत उठली की ते चूल सारवायचे, पाहुण्यांचं अन्न टोपलीखाली झाकायचे आणि उजेडात घरी जायचे.

बाबा पंगतीत पहिल्या पाटावर बसायचे. विश्राम त्यांच्या हातावर साखर उतरवायची गोळी ठेवायचा. बाबा ती त्याच्यासमोर पाण्याबरोबर गिळायचे.

मग म्हणायचे, "सुपडू, माझं ताट खोलीत ठेव. मला चावायला वेळ लागतो. तुम्हांला कशाला खोळंबा?"

बाबांचे दात किती उरले होते ते सगळ्यांना माहीत होतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

गाडी यायची त्या वेळी विश्राम मागच्या खोलीत जपाला बसलेला असायचा. पोट हलकं असलं की जप चांगला लागतो, हा त्याला नव्यानंच लागलेला शोध होता. पाहुण्यांचं काय, असं त्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "मी बघतो. तू बस जपाला." मग तो बसला तो बसलाच.

दर एकादशीला सकाळी विश्राम कोठीतला पोती मोजायचा काटा ओसरीवर ओढून आणायचा आणि सगळ्यांना त्यावर चढवायचा. म्हातारे एकमेकांना धरून चढायचे. कोण किती उतरलं यावरून त्यांच्यात चिडवाचिडवी चालायची. कुणी दोन किलो उतरला, कुणी तीन.

बाबा सत्त्याऐंशीवरून त्र्याऐंशीवर आले. मग एकोणऐंशी. मग पंचाहत्तर.

पायांची सूज गेली. घशाशी येणं थांबलं. विश्रामनं बोटाला सुई टोचून साखर पाहिली, तर तीही उतरली होती. त्या दिवशी तो गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पडला. हे कुणी पाहिलं नाही, पण त्यानं ते बाबांना स्वतःच सांगितलं.

"तुम्ही बारा किलो उतरलात, बाबा."

"मी?"

"तुम्हीच. काटा खोटं बोलत नाही."

"कुठं गेलं असेल रे ते सगळं?"

"जळालं. चरबी जळते."

"हं," बाबा म्हणाले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मठाच्या फाटकाशी विश्रामनं फळा लावला: दिवस असेतो जेवा. खालच्या गावातली माणसं सल्ला विचारायला येऊ लागली. शाळेत त्याचं भाषण झालं. भाषणात त्यानं बाबांचं वजन आकड्यांसकट सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याला विश्राममहाराज म्हणालं. त्यानं नको नको म्हटलं, पण हळू आवाजात म्हटलं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बाबांना महिन्याला दाखवून न्यायला सांगितलं होतं. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, विश्राम त्यांना घेऊन गेला नाही. आकडे चांगले येत असताना डॉक्टर कशाला, असं त्याला वाटलं. गोळी होती तीच चालू राहिली.

माघातल्या एकादशीला बाबा सत्तरवर आले. काट्यावरून उतरताना त्यांनी विश्रामचा खांदा धरला.

"बघा," विश्राम म्हाताऱ्यांना म्हणाला, "तीन महिन्यांत सतरा किलो. रात्रीचं जेवण सोडलं की माणूस असा होतो."

बाबांचा हात त्याच्या खांद्यावर थरथरत होता. तो थंडीनं थरथरतोय असं विश्रामला वाटलं.

*

दोन दिवसांनी पहाटे बाबा उठले नाहीत.

विश्राम आत गेला तेव्हा त्यांचं अंग घामानं भिजलं होतं. माघातल्या थंडीत उशीसुद्धा ओली. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कुणाला ओळखत नव्हते. विश्रामनं हाक मारली. पुन्हा मारली. मग त्यानं सुई काढली आणि बोट टोचलं.

साखर बेचाळीस.

सात वर्षं रक्त तपासलेल्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. त्यानं बाबांना कुशीवर वळवलं, गूळ चुरून ओला केला आणि बोटानं गालाच्या आतून थोडा थोडा चोळत राहिला. बराच वेळ काही झालं नाही. म्हातारे दाराशी उभे होते. त्यांतला एक रडायला लागला.

मग बाबांनी जीभ हलवली.

उजाडता उजाडता त्यांनी विश्रामकडे पाहिलं आणि त्याला ओळखलं. ते गुळाचं पाणी प्यायले, मग त्यांनी ताकात कालवलेला भात खाल्ला. विश्राम भिंतीला टेकून खाली बसला.

भीती ओसरली आणि मग तो विचार आला.

साखर एवढी खाली कधी जाते? गोळी घेतली आणि जेवण झालंच नाही, तर जाते.

सुपडू आबा सकाळी आले तेव्हा विश्राम त्यांना गोठ्याशी घेऊन गेला.

"आबा, काल बाबा जेवले होते?"

सुपडू आबांनी खांद्यावरचं उपरणं उगाच झटकलं. "ताट तर ठेवलं होतं मी खोलीत."

"ताट ठेवलं ते मीही पाहिलं. जेवले का?"

"मले नको विचारू, भाऊ."

"आबा, ते मरता मरता वाचलेत."

सुपडू आबा खाली बसले. गाईकडे बघत बोलू लागले.

"एकडाव माझी बॅटरी राह्यली इथं. ती घ्याले मागं आलो. पाह्यतो तं गाडी आलेली, अन् ओसरीवर पाड्यावरच्या दोन बाया बसलेल्या. समोर बावाजी. बावाजीनं सोताचं ताट त्याहीच्या म्होरं आनलेलं. एक घास आपुन खाल्ला, बाकी सारं त्याहीले वाढलं."

"पण पाहुण्यांचं वेगळं झाकून ठेवत होतो ना आपण?"

"त्येच तं. पहिल्या दिवशी बावाजीनं ते झाकेल काढलं अन् वाढलं. कोनी शिवलं नाही."

"का?"

सुपडू आबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एवढं शिकलेल्या माणसाला हे कसं माहीत नाही, एवढंच नवल होतं.

"पाड्यावरची मानसं हायेत ती, भाऊ. घरचा मानूस जेवत नसंन अन् तुमाले नुसतं वाढत असंन, तं ती भीक. घरचा संगं बसला, तं ते जेवन. उपाशी झोपतीन, पन भीक नाही खानार. म्हनून तं बावाजी चाळीस वर्सं गाडीची वाट पाहून राह्यले."

विश्रामनं हातातली वही मिटली.

"मंग बावाजी मले म्हने, विश्रामले शब्द देल्हा हाये. रात्री जेवायचं नाही. पन संगं तं बसाले लागते. म्हनून एक घास. तेवढाच शब्द मोडतो, म्हने. अन् रात्री तो घास खायाचाच हाये, म्हनून साडेपाचले ताटाले शिवतच नव्हते. दोन डाव कसं जेवू, म्हने."

"तुम्ही मला बोलला नाहीत."

"बावाजीनं नाही म्हनलं. पोराले लय आनंद झालेला हाये, म्हने."

*

विश्राम खोलीत गेला. वही त्याच्या हातातच होती. पहाटेचा आकडा लिहायला घेतली ती त्यानं खाली ठेवलीच नव्हती, आणि आता तिची त्याला शरम वाटू लागली.

बाबा जागे होते.

"मी गोळी देत होतो, बाबा," विश्राम म्हणाला. "रोज. माझ्या हातानं."

"हो."

"उपाशी पोटी."

"हो."

"आज पहाटे तुम्ही गेला असता..."

बाहेर कुणीतरी विहिरीतून पाणी काढत होतं, आणि रहाटाचा आवाज खोलीत येत होता.

"मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस," बाबा म्हणाले. "तू वजन केलंस."

विश्रामनं मान खाली घातली. त्याला वडील आठवले. त्यांचेही आकडेच त्यानं लिहिले होते. रात्री एकला एकटे जेवता की कुणी असतं बरोबर, हे त्यांना कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला ते नव्हते.

"म्हणजे ते सतरा किलो दिवसा जेवल्यानं गेले नाहीत."

"संध्याकाळचं मी दिवसा जेवलोच नाही. मी रोज रात्रीच जेवलो."

"मग मी शाळेत जाऊन सांगितलं ते सगळं खोटं."

"खोटं कसं? उशिरा जेवून माझे पाय सुजले होते ते तू डोळ्यांनी पाहिलंस. ते खरंच आहे."

विश्राम वैतागला. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही कुणावर काढावं ते कळत नव्हतं. "तुम्ही खरंही म्हणता, आणि चाळीस वर्षं करताही तेच. जाणूनबुजून शरीर नासवलंत तुम्ही, बाबा. मग मी काय शिकायचं यातून?"

बाबांनी डोळे मिटले.

"मला थोडं झोपू दे," ते म्हणाले.

*

दिवसभर विश्राम त्यांच्या उशाशी होता. दर दोन तासांनी त्यानं साखर पाहिली. दुपारी खिचडी भरवली. मधे तेवढा खालच्या गावात जाऊन फोन केला आणि तालुक्याच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही न लपवता. डॉक्टर चिडले. गोळी बंद करा, उद्या पहिल्या गाडीनं घेऊन या, आणि तोवर त्यांना उठू देऊ नका, असं म्हणाले.

"उठायचं नाही," विश्रामनं बाबांना सांगितलं. "आज ओसरीवर मी जाईन. मी वाढीन."

"बरं."

साडेपाचला पंगत बसली. विश्रामनं बाबांना आधी भरवलं, मग स्वतः दोन भाकरी खाल्ल्या. सुपडू आबांनी पाहुण्यांसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा टोपलीखाली ठेवला आणि ते घरी गेले. म्हातारे आपापल्या वाकळेत शिरले. दिवस मावळला.

आज विश्राम जपाला बसला नाही. तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. अंधार पडून बराच वेळ झाला, तेव्हा खालच्या वळणावर गाडीचे दिवे दिसले.

गाडीतून एकच माणूस उतरला.

विश्रामनं त्याला ओळखलं. वरच्या पाड्यावरचा म्हातारा दित्या पावरा. बारा दिवसांपूर्वी तो बायकोला घेऊन खाली आला होता, दवाखान्यात न्यायला. तिला चालवत नव्हतं. पाड्यावरच्या पोरांनी तिला झोळीत घालून मठापर्यंत आणलं होतं, आणि तिथून दोघं सकाळच्या गाडीनं गेले होते.

आज त्याच्या हातात एक बोचकं होतं. बोचक्यातून लुगड्याचा काठ बाहेर आला होता.

"आजी?" विश्रामनं विचारलं.

दित्यानं मान हलवली. "गेली."

"कधी?"

"काल. तिथंच जाळली. इथवर आणायला गाडी कुठून आणू?"

विश्रामनं तांब्या भरून पुढे केला. दित्यानं हातपाय धुतले, चूळ भरली आणि दिव्याच्या उजेडात भिंतीशी बसला. बोचकं त्यानं शेजारी ठेवलं, अगदी मांडीला लागून.

विश्रामनं टोपली उचलली. ताट वाढलं. दोन भाकरी, डाळ, ठेचा. ताट त्याच्यासमोर ठेवलं.

दित्या ताटाकडे बघत बसला. हात मांडीवरच होते.

"जेवा, आजोबा. कधीपासून खाल्लं नाही?"

"परवा चहा घेतला."

"मग जेवा."

दित्यानं वर पाहिलं. "तू?"

"माझं झालं. मघाशीच."

"बरं..."

त्यानं ताट सरकवलं नाही. रागावलाही नाही. डोक्याचं फडकं सोडलं, दोन्ही भाकऱ्या त्यात ठेवल्या आणि नीट गाठ मारली.

"सकाळी वाटेत खाईन," तो म्हणाला.

तो खाणार नाही, हे विश्रामला दिसत होतं. परवाचा चहा आणि उद्याचा डोंगर. म्हातारा अर्ध्या चढावर बसेल आणि मग उठणार नाही.

कुणाला तरी उठवावं का? चार म्हातारे आत झोपलेत. पण त्यांच्याही हातून पाणी विश्रामनंच सोडवलं होतं. आपलं व्रत राखायला आता त्यांचं मोडायचं? विचार आला तसा तो त्याला इतका क्षुद्र वाटला की अंधारातही तोंड लपवावंसं वाटलं.

तो आत गेला. बाबांच्या खोलीचं दार ओसरीवरच उघडत होतं, आणि ते सताड उघडं होतं. बाबांनी सगळं ऐकलं असणार.

"बाबा, ते जेवत नाहीत."

बाबा छताकडे बघत होते.

"बायको गेली त्यांची. दोन दिवस पोटात काही नाही."

"ऐकलं."

"मी पाणी सोडलंय, बाबा. मावळतीकडे तोंड करून सोडलंय. तुमच्यासमोर."

"हो. मी होतो."

"जन्मभराचं सोडलंय. वडिलांचं जे झालं ते माझं होऊ नये म्हणून सोडलंय. मी एकदा मोडलं तर उद्याही मोडेन. गाडी तर रोजच येणार. तुम्ही सांगाल ते करतो. मोडू की पाळू?"

बाबांनी अंगावरची वाकळ बाजूला केली. एक हात गादीवर टेकला. कोपरावर जोर देऊन ते हळूहळू उठून बसले, आणि त्यांचे पाय, आता सूज नसलेले, नुसते हाडांचे पाय, खाटेखाली जमीन शोधू लागले.

"नको, बाबा. डॉक्टरांनी उठू नका म्हटलंय."

बाबांचे पाय जमिनीला लागले. त्यांनी विश्रामचा खांदा धरला, काट्यावरून उतरताना धरला होता तसाच. या वेळी तो हात का थरथरतोय हे विश्रामला समजलं.

त्यानं बाबांना दोन्ही हातांनी धरून पुन्हा आडवं केलं. वाकळ गळ्यापर्यंत ओढली. मग तो दाराकडे वळला. ओसरीवर दित्यानं बोचकं उशाला घेतलं होतं, आणि दिवा मालवायला हात पुढे केला होता.

"रात्र झालीय, बाबा," विश्राम म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाद उरला नव्हता. लहान पोरानं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

"हो ना," बाबा म्हणाले. "मग आता आणखी उशीर करू नकोस."